उसवायला शिवलेला झगा

आमची ही गेली तेव्हा मशीनवर एक झगा अर्धा राहिला होता. जांभळ्या सॅटिनचा, गळ्यापासून पायापर्यंत, आणि घेर एवढा की आमच्या दहिसरच्या खोलीत पसरला तर माणसाला पलंगावर पाय वर घेऊन बसावं लागेल. पक्की शिलाई कुठेच नव्हती. सगळीकडे पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके, लांब लांब, तिच्या हातचे. हॉस्पिटलात नेताना रिक्षात बसता बसता ती मला म्हणाली, "त्या झग्याक हात लावू नकात." चार दिवसांनी ती गेली. मी आठ महिने हात लावला नाही. वर चादर घातली, चादरीवर माझ्या धुतलेल्या बनियनी ठेवायला लागलो, आणि झगा खाली तसाच पडून राहिला.

झगा मनोरीच्या एका बाईचा. ही बाई बर्लेस्क करते. माझं शिक्षण चौथी, मला तो शब्द नीट म्हणायलाच महिना लागला. पण प्रकार सोपा आहे. बाई थाटात स्टेजवर येते, अंगावर गरजेपेक्षा जास्त कपडे. मग गाण्यावर नाचत, लोकांची टर उडवत, एकेक वस्तू काढत जाते. एक हातमोजा काढायला चार मिनिटं लावते आणि तेवढ्यात समोरच्या टकल्या माणसाची वाट लावते. शेवटी अंगावर राहायचं तेवढं राहतंच. लोक बघायला येतात एक आणि हसून जातात भलत्याच गोष्टीला.

दहा वर्षांपूर्वी ही बाई आमच्या दारात आली ती फाटलेली एक चोळी घेऊन. तोवर आमची ही फॉल-पिको आणि ब्लाउज एवढंच करायची. तिनं चोळी उलटी करून बघितली आणि म्हणाली, "ह्या मागसून उघडणारा शिवल्यान कोणी? हात पोचतलो कसो?" बाईनं तिथंच बूड टेकलं. जिला दोन मिनिटांत खरी अडचण कळली अशी शिंपीण तिला पहिल्यांदा भेटत होती.

मी हिला बाजूला घेऊन विचारलं, "हे कपडे घालायचे की काढायचे?"

"दोन्ही," ही म्हणाली. "घालूक पाच मिनटां, काढूक पंचवीस."

मी आठ दिवस तोंड वाकडं करून फिरलो, खोटं कशाला बोलू. चाळीच्या गॅलरीत दोरीवर टिकल्यांच्या चड्ड्या वाळत घातल्या की शेजारच्या बायका एकदम आमच्या दारावरूनच पाणी भरायला जायच्या. नवव्या दिवशी मनोरीची बाई सुके बोंबील घेऊन आली, स्वतः आमच्या स्टोव्हवर भाजले, आणि मला म्हणाली, "दादूस, तोंड सरळ कर, काटा अडकंल." ती मनोरीच्या जुन्या ख्रिश्चन घरातली. मला दादूस म्हणते, हिला वयनी म्हणायची, आणि मी तिला बाय म्हणतो. बोंबलांनंतर माझा विरोध संपला.

हिनं त्या धंद्यात एक गोष्ट अशी केली की अंधेरीपासून घाटकोपरपर्यंतच्या सगळ्या बर्लेस्कवाल्या तिच्याकडे यायला लागल्या. ती गोष्ट तिला सुचली तांदळाच्या गोणीवरून. गोणीचं तोंड ज्या दोऱ्यानं शिवलेलं असतं त्याचं बरोबर टोक धरून ओढलं की सगळा दोरा सर्रकन निघून येतो. चुकीचं टोक धरलं तर कात्री शोधा. एका दुपारी ही तांदूळ काढायला बसली, दोरा ओढला, आणि तो हातात घेऊन तशीच बसून राहिली. मी म्हटलं, तांदळात किडे आहेत काय? ती म्हणाली, "गप रवा." मग उठून आरी काढली. आरी म्हणजे टोकाला आकडा असलेली सुई, भरतकाम करतात ती. त्या आरीनं तिनं एका झग्याचा पुढचा भाग खालपासून गळ्यापर्यंत साखळी टाक्यानं बंद केला. गळ्याशी दोऱ्याचं टोक सुटं ठेवलं. ते धरून ओढलं, आणि झगा वरून खालपर्यंत दोन फाकांसारखा उघडला. आमच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर माझंही काम ठरलं. तिला जवळचं नीट दिसेनासं झालं होतं म्हणून मी सुया ओवायचो आणि टिचबटणं लावायचो. समोरासमोर बसून नऊ वर्षं. साखळीला मात्र मला हात लावायची बंदी होती, आणि त्याला कारण होतं.

तारुण्यात मी गिरणीत होतो. माझं काम एकच. धागा तुटला की सांधायचा. सुटं टोक दिसलं की गाठ, दिवसभर. गिरणी बंद पडली, पुढे मी वॉचमन झालो, पण बोटं कामावरून सुटली नाहीत. एकदा अंधेरीच्या एका हॉलात बायचा खेळ होता. आत कपडे बदलायच्या खोलीत हिनं झगा बायच्या अंगावर शिवून पुरा केला आणि कात्री शोधायला वळली. मला गळ्याशी टोक लोंबताना दिसलं. मी ते बांधलं. पक्कं. गिरणीतली गाठ, जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, नखानं उचकटायला बघायचा तरी सुटायची नाही.

स्टेजवर बायनं ऐन गाण्यात टोक ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. गाणं पुढे गेलं, झगा जागेवर. बाय थांबली, कमरेवर हात ठेवून लोकांना म्हणाली, "आज आमच्या फादरनं जोरात प्रार्थना केलेली दिसते." हॉल असा हसला की गाणं ऐकू येईना. मग ती दहा मिनिटं त्या झग्याशी भांडली, पहिल्या रांगेतल्या दोघांना वर बोलावलं, त्यांनाही जमलं नाही, आणि शेवटी झग्यासकट वाकून नमस्कार करून आत आली. ही पडद्यामागे पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती. मी भिंतीकडे तोंड करून उभा. घरी जाताना हिनं एवढंच विचारलंन, "गाठ मारलात काय फास दिलात?" त्या दिवसापासून नियम. टोक सुटां ठेवायचां आणि ह्यांना लांब ठेवायचां.

तर दिवाळी झाली आणि मुलुंडची एक पोरगी आली. तिशीतली, डॉक्युमेंटरी करणारी. बायचा खेळ तिनं पाहिला होता आणि तिला मुंबईतल्या बर्लेस्कवाल्या बायांवर वेब सिरीज करायची होती, पाच भागांची. खरे पोशाख सगळे आमच्या दोन पेट्यांत, म्हणून तिचं सगळं प्लॅनिंग आमच्या खोलीतच सुरू झालं. माझ्या कपाटावर तिनं रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. कपाट उघडलं की भाग दोन आणि भाग तीन वेगळे व्हायचे.

"काका, पहिला भाग काकूंचा," ती म्हणाली.

"काकू नाहीये."

"म्हणूनच तर."

"म्हणूनच म्हणजे? असती तर शेवटी टाकली असतीस?"

पोरगी ओशाळली. पण मागे हटणारी नव्हती. "मला सुरुवात अशी दिसते. खिडकीतून ऊन. रिकामं मशीन. मागे हळू पियानो."

"मशीन रिकामं नाही. त्यावर माझ्या बनियनी आहेत."

बाय कोपऱ्यात बसून चहा पीत होती. म्हणाली, "पियानो लावलास ना गो, तर मी मनोरीच्या बोटीतून उडी टाकीन. माझ्या मयताला पण बँड सांगितलेला हाय."

पोरीनं बायला प्रश्न विचारायची रंगीत तालीम घेतली. वहीतून वाचून म्हणाली, "तुमच्या आयुष्यात असं काय घडलं की तुम्ही हे करायला लागलात?"

"मजा येते."

"हो, पण त्याच्या मागे, म्हणजे खोलवर, काही वेदना?"

"हाय ना. गुडघ्यात."

पोरीनं पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, "बाळा, तुला सगळ्यांचं दुःखच कशाला पाहिजे? बाई दिवसा दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते, संध्याकाळी नाचते. त्यात काय झालं?"

"लोकांना आतलं बघायचं असतं, काका."

"आतलं बघायला येतात, म्हणून तर हिचा धंदा चालतो," मी म्हटलं. बाय चहा नाकातून बाहेर येईपर्यंत हसली. पोरीनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

गुडघ्याचं मात्र खरं होतं. नाताळ झाला की बायचं ऑपरेशन ठरलेलं. नंतर पुन्हा कधी नाचेल, नाचेल की नाही, डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं. आणि सिरीजला परवानगी देणाऱ्या लोकांना पोरीनं त्याच्या आधी दहा मिनिटांचा नमुना दाखवायचा होता. नमुन्यात बायचा नवा खेळ पाहिजे होता. तो खेळ हिनंच सुचवलेला. कामावरून घरी आलेली बाई. चप्पल काढते, घड्याळ काढते, गळ्यातलं ऑफिसचं कार्ड, केसातल्या पिना, ओढणीच्या सेफ्टी पिना, त्या निघता निघत नाहीत, आणि सगळ्यात शेवटी एका झटक्यात दिवसभराचा तो जांभळा झगा. आत चंदेरी टिकल्या, ताज्या पापलेटासारखी बाई. ही म्हणायची, चाळीतली प्रत्येक बाई संध्याकाळी हा खेळ करते, फक्त गाणं नसतं.

सगळं अडलं त्या झग्यापाशी.

"काका, झगा बघू?" पोरगी म्हणाली.

"बघ. हात लावायचा नाही."

मी बनियनी उचलल्या, चादर काढली. तिनं विचारलं, हे पांढरे दोरे कसले? मी सांगितलं, कच्चे टाके. कापड जागेवर राहावं म्हणून घालतात. पक्की शिलाई मारली की ओढून काढून टाकतात.

"मग पक्की मारायला किती दिवस लागतील?"

"मारायची नाही," मी म्हटलं. "तिनं जाताना सांगितलंय, झग्याला हात लावू नका."

मेलेल्या बाईचा शेवटचा शब्द. पोरीनं चादर परत नीट घातली. बाय मात्र माझ्याकडे बघत राहिली.

बायनं दुसरीकडे प्रयत्न करून बघितला. बोरिवलीचा एक शिंपी म्हणाला, चेन लावून देतो की. बाय त्याला म्हणाली, "आणि ऐन वेळी चेन अडकली म्हंजे? तुला स्टेजवर बोलावू?" साखळीचं त्याच्या डोक्यात शिरेना. हिनं ते कुणाला शिकवलं नव्हतं. नऊ वर्षं समोर बसून बघितलं होतं ते मी एकट्यानं.

मग पोरीनंच तोड काढली. झगा आहे तसाच, कच्च्या टाक्यांसकट, एका उभ्या दांड्यावर टांगायचा. त्याच्यावर हळू प्रकाश. मी बाजूला बसून हिची गोष्ट सांगायची. बाय दुसऱ्या जुन्या पोशाखात नाचेल. मी लगेच हो म्हटलं. मला ते फार पटलं. झगा तसाच राहणार, टाके तसेच राहणार, आणि वर टीव्हीवर दिसणार. त्या रात्री मला झोपसुद्धा बरी लागली.

रविवारी आम्ही दोघं बायला हे सांगायला मनोरीला गेलो. मार्वेच्या जेट्टीवरून बोट. पोरगी बोटीत सगळा वेळ समुद्राचं शूटिंग करत होती, मी टोपी धरून बसलो. बाय चर्चमधून येऊन ओसरीवर पान वाढून तयार होती. मांदेळी तळलेली, कोलंबीचं कालवण, त्यात त्यांचा बाटलीतला मसाला. पोरीनं जेवताना प्लॅन सांगितला. दांडा, प्रकाश, सगळं.

बायनं ऐकलं. कालवणाची वाटी खाली ठेवली.

"नाय."

"अगं पण का?" मी म्हटलं.

"वयनीनं तो झगा टांगायला नाय शिवला. काढायला शिवला. टांगायचा तर पडदा शिवला असता तिनं."

"तिनं सांगितलंय हात लावू नका. मी काय करू?"

"कवा सांगितलं?"

"रिक्षात. हॉस्पिटलात जाताना."

"पुढं काय म्हणाली?"

मी मांदेळीचा काटा काढत बसलो. मांदेळीला काढण्यासारखा काटा नसतो.

"दादूस," बाय म्हणाली, "मी वयनीला नऊ वर्षं बघितली. ती एवढ्यावर थांबणारी बाई नव्हती. पुढं काय म्हणाली?"

पोरगीही बघत होती. आठ महिन्यांत मी ते वाक्य किती जणांना सांगितलं असेल. मुलाला, सुनेला, चाळीतल्या सगळ्यांना. प्रत्येक वेळी अर्धंच सांगितलं होतं. शेवटी माझं मलाच खरं वाटायला लागलं होतं की ते तेवढंच होतं.

"ती म्हणाली," मी सांगितलं, "त्या झग्याक हात लावू नकात, गाठी मारशात. मी इलंय काय बघतंय."

मग बायच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. आधी मला वाटलं रडते. ती हसत होती. "गाठी मारशील!" म्हणाली आणि ओसरीच्या खांबाला धरून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी. पोरीला गाठीची गोष्ट माहीत नव्हती, बायनं ती उभं राहून, झग्यासकट, फादरसकट करून दाखवली, गुडघा दुखत असताना. आणि मग मीही हसलो. ही गेल्यापासून मी तसा हसलो नव्हतो. पोट दुखलं, टोपी पडली, मांदेळी मांजरानं नेली.

हसणं ओसरल्यावर बाय म्हणाली, "ती घरी येऊन स्वतः बघणार होती म्हणून नको म्हणाली. आता कोण बघणार? तूच बघ. गाठ नको मारू म्हंजे झालं."

पुढच्या रविवारी मी झगा दोन पिशव्यांत भरून मनोरीला नेला, पोरगीही बरोबर आली. मापाला बायच्या अंगावर चढवला. आठ महिन्यांत बाय दोन बोटं वाढली होती. "समुद्राची हवा," ती म्हणाली. दोन बोटं म्हणजे बाजूचे सगळे टाके काढूनच परत घालायला हवे होते. आता पळवाट नव्हती.

पहिला टाका मी दोनदा धरून सोडला. पण टाके आमच्या हिनं घातलेले. दोऱ्याच्या शेवटी तिनं कुठेच गाठ मारली नव्हती. प्रत्येक दोऱ्याला बोटभर शेपूट सोडलेलं, धरायला. धरलं, ओढलं, आला बाहेर. एकही अडकला नाही. एखादा अडकला असता तर मला बरं वाटलं असतं, थोडा वेळ तरी गेला असता.

निघालेले दोरे मी मांडीवर ठेवत गेलो. मग काय झालं मलाही कळलं नाही, बोटं आपली सुरू झाली. एका तुकड्याचं टोक दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. गिरणीतली गाठ. पिशवीत एक रिकामं रीळ होतं, त्याच्यावर गुंडाळत गेलो. पोरगी हळूच म्हणाली, "काका, हे शूट करू?"

"नको."

तिनं कॅमेरा पिशवीत टाकला आणि चेन लावली. त्या दिवशी ती पोरगी मला खरी आवडली.

रीळ भरल्यावर मला एक कल्पना सुचली. मी म्हटलं, "बाय, हाच दोरा साखळीला वापरतो ना. तिच्याच हातचा."

बायनं रीळ हातात घेतलं, दोरा बोटांतून सरकवला. "दादूस, किती गाठी मारल्यास ह्यात?"

मी रीळ परत घेतलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

तीन आठवडे मी मशीनवर बसलो. बनियनी दोरीवर गेल्या. हिचा पाय पेडलवर असा पडायचा की मशीन गाणं म्हणतंय असं वाटायचं. माझ्या पायाखाली ते रिक्षासारखं चालायचं. बाजूची शिलाई दोनदा वाकडी गेली, दोनदा उसवली. शेजारची एक बाई दारातून म्हणाली, "आजोबा, अस्तर उलटं लावताय." खरंच उलटं होतं. चाळीतल्या ज्या बायका मुद्दाम दारावरून पाणी भरायला जायच्या त्यांनीच मग टिकल्या लावल्या, आणि एकीनं झगा अंगाला लावून आरशात बघितला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

शूटिंग अंधेरीला, दुपारी, मी गाठ मारली होती त्याच छोट्या हॉलात. बघायला बायच्या दवाखान्यातल्या बायका, मनोरीहून आलेल्या चौघी, आणि पोरीच्या ओळखीचे लोक. साखळी खालून कंबरेपर्यंत मी टेबलावर शिवली. मग बाय झग्यात शिरली. कंबरेच्या वरचं अंगावरच शिवायचं, डावा हात आतून, आरी बाहेरून. हे काम कायम हिचं. मी कानापर्यंत तापलो.

"दादूस, माझा गुडघ्याचा डॉक्टर एवढा लाजत नाय," बाय म्हणाली. "लवकर कर, मना शिंक येते."

"शिंकलीस तर आरी टोचेल."

"मग तू मना हसवू नको."

मी तोंड बाजूला करून शिवलं. गळ्यापर्यंत आलो. शेवटच्या फासातून आरी काढून घेतली, दोरा तोडला. टोक लोंबायला लागलं आणि माझी दोन्ही बोटं त्याच्याकडे गेली. खरंच गेली. मी हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत धरून उभा राहिलो.

"गाठ?" बायनं विचारलं.

"जा आता," मी म्हटलं.

गाणं सुरू झालं. चप्पल गेली, एक पोरीच्या कॅमेऱ्यावर. घड्याळ, कार्ड. सेफ्टी पिनांना तिनं अशा शिव्या घातल्या, तोंड न उघडता, नुसत्या डोळ्यांनी, की दवाखान्यातल्या बायका खुर्चीवरून घसरल्या. मग गळ्याशी हात नेला. मी पडद्यामागे, तिथंच, जिथं आमची ही उभी राहून हसली होती. बायनं टोक धरलं. मी खिशातलं रीळ धरलं. तिनं ओढलं.

सर्रकन. गळा, छाती, कंबर, पाय. जांभळा झगा दोन्ही बाजूंना पडला आणि मधे ती उभी, चंदेरी, हातात लांबलचक दोरा. मनोरीच्या बायका उभ्या राहून शिट्ट्या मारायला लागल्या.

मला वाटलं, झालं. संपलं. तिचा शेवटचा झगा होता, तो निघाला. मी खाली पडलेल्या कापडाकडे बघत होतो, तेवढ्यात पोरगी धावत आली. "काका, एकदम झकास! फक्त दोरा ओढतानाचा हात जवळून घ्यायचा राहिला. परत एकदा करू. शिवाल ना?"

"परत म्हणजे?"

"परत म्हणजे पहिल्यापासून. शूटिंगमध्ये असंच असतं. चारपाच वेळा तरी होतं."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. महिनाभर मी घोर लावून घेतला होता की एकदा ओढला की गेला, आणि ही पोरगी म्हणते चारपाच वेळा. मी तिच्यावर ओरडलोसुद्धा. मग झगा उचलून टेबलावर टाकला, आरी घेतली आणि खालून सुरुवात केली.

परवानगी देणाऱ्या लोकांचा होकार पुढे आला, पाच नाही, तीन भाग करा म्हणाले. बायचा गुडघा बसवून झाला, आता काठी घेऊन ओसरीवर फिरते आणि काठीचा खेळ बसवते म्हणते. पोरीच्या चिठ्ठ्या अजून माझ्या कपाटावर आहेत. पियानो नाही.

पण त्या दुपारी मी तो झगा चार वेळा शिवला. दुसऱ्या वेळेला माझी बोटं टोकाकडे गेली नाहीत. तिसऱ्या वेळेला मी शिवता शिवता दवाखान्यातल्या बायकांशी गप्पा मारत होतो. चौथ्या वेळेला उन्हं खिडकीतून खाली आली होती, सगळ्यांना भूक लागली होती, बाय एका पायावर भार देऊन उभी होती आणि मी गळ्याशी पोचलो.

"दादूस, टोक?"

"सुटं आहे."

"बघू."

मी हात वर करून दाखवले, दोन्ही, रिकामे. ती गेली, आणि मी पुढच्या वेळेसाठी नवा दोरा काढून ठेवला.